मृगाच्या आधीचे दिवस

कोकणातील उन्हाळा म्हटला, की शहरातील सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढे आंब्यांची पेटी, फणसाचे गरे आणि ओटीवरील झोपाळा एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात. मुलांच्या परीक्षा संपल्या की सामान बांधावे, मूळ गावी पंधरा दिवस राहावे, समुद्रात डुंबावे, कोपरांपर्यंत रस ओघळेतो आंबे खावेत आणि परत येताना दोन पेट्या बरोबर आणाव्यात, असा हा नेहमीचा क्रम. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या घरी आपण हे पंधरा दिवस काढतो, त्या घराच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत घाईचे दिवस नेमके हेच असतात, ही गोष्ट पाहुण्यांच्या ध्यानात क्वचितच येते. देशावरील कोरडवाहू शेतकऱ्याला वैशाखात थोडी उसंत असते. रब्बीचे धान्य घरात आलेले असते आणि जत्रा व लग्ने यांत दिवस जातात. कोकणात मात्र पुढील चार महिने आभाळ कोसळणार असते, आणि त्या चार महिन्यांची सर्व तरतूद मृगाच्या आत पुरी करावी लागते. दापोली तालुक्यातील माझ्या सासरच्या घरी २०२५ सालच्या मे महिन्यात मी चार आठवडे राहिले. तेथे जे पाहिले आणि हातांनी केले, त्याची ही हकीकत आहे.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड, कशेडी, खेड अशी वळणे घेत आम्ही दापोलीस पोहोचलो. दापोली समुद्रापासून दोन-अडीच कोसांवर, पण सुमारे आठशे फूट उंचीवर वसली आहे. त्यामुळे तेथील हवा किनाऱ्यापेक्षा सौम्य. इंग्रजांनी या हवेसाठीच येथे छावणी ठेवली होती, आणि ‘कॅम्प दापोली’ हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून कोकणातील बागाईतदारांची पावले कलमांसाठी आणि बियाण्यासाठी या गावाकडे वळू लागली. दापोलीतून हर्णैच्या रस्त्याला लागले, की आसूदच्या उतारावर एकाएकी सावली दाट होते. दोन्ही अंगांना नारळी-पोफळी, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, मधून वाहणारे पाटाचे पाणी, असा तो पट्टा समुद्रापर्यंत तुटक तुटक जातो. आमचे गाव याच पट्ट्यातील. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. घरातील मंडळींना ते रुचणार नाही, आणि तसे पाहिले तर हे वर्णन या किनाऱ्यावरील कोणत्याही गावाला लागू पडेल.

कोकणातील शेत म्हणजे देशावरच्यासारखा एक सलग तुकडा नव्हे. ते तीन पायऱ्यांवर पसरलेले असते. सर्वांत खाली, ओढ्याच्या काठी, भाताची खाचरे. मधल्या अंगाला घर आणि घरासभोवतीचे आगर. आणि वर डोंगराच्या उतारावर वरकस जमीन, म्हणजे जांभ्याच्या कातळावरची लाल, पातळ माती. आमच्या घराकडे आज पस्तीस गुंठे भातजमीन, सोळा गुंठे आगर आणि अडीच एकर वरकस आहे. वरकसात हापूसची बावन्न कलमे, थोडे काजू आणि बांधावर रातांब्याची व फणसाची झाडे. पूर्वी याच घराची जमीन पुष्कळ होती, असे सासूबाई सांगतात. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून, जे प्रत्यक्ष कसत होते ते जमिनीचे मालक झाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चिखल तुडवला त्यांच्या नावावर ती जमीन झाली, हे योग्यच झाले. आमच्या घरी उरले ते एवढेच, की जे घरच्या माणसांनी स्वतः राबून ठेवले. आज आमच्या खाचराच्या वरचे खाचर ज्या कुणबी कुटुंबाचे आहे, त्यांचे आजोबा एके काळी आमचे कूळ होते. आता ते आमचे शेजारी आहेत, आणि त्यांच्या पॉवर टिलरखेरीज आमची नांगरट होत नाही.

घरात कायम राहणारी माणसे सातच. नव्वदी ओलांडलेल्या सासूबाई, अडुसष्ट वर्षांचे भाऊजी, जाऊबाई, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि दोन शाळकरी नातवंडे. पुतण्या आणि सूनबाई ठाण्यास होती. २०२० साली टाळेबंदीत ती गावी आली आणि मागे फिरली नाहीत. मात्र सातबाराच्या उताऱ्यावर नावे एकोणीस आहेत. पुणे, ठाणे, बडोदे आणि एक तर थेट कॅनडात. माझ्या यजमानांचे नावही त्यांत आहे. जमीन एकोणीस जणांची आणि कसणारे चौघे, ही कोकणातील घरोघरची कथा आहे, आणि पुढे जे घडले त्याचे मूळही याच गोष्टीत आहे.

तेथील दिवस पहाटे पाचला सुरू होतो. ऊन चढण्याच्या आत आंबा उतरवावयाचा असतो. लांब काठीच्या टोकाला जाळी आणि धारेचे पाते बसवलेला झेला घेऊन पुतण्या झाडाच्या फांदीवर उभा राहतो आणि एकेक फळ देठासकट जाळीत घेतो. देठ तुटून चीक सालीवर ओघळला, तर तेथे काळा डाग पडतो आणि पेटीत त्या फळाची किंमत निम्मी होते. फळ खाली पडले तर ते आढीत नासते आणि शेजारच्या चार फळांनाही नासवते. उतरवलेला आंबा उन्हात क्षणभर ठेवावयाचा नाही. लागलीच सावलीत न्यावयाचा. माजघराच्या मागील अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा अंथरून त्यावर आंब्याचा थर, पुन्हा पेंढा, अशी आढी घालतात. आठ-दहा दिवसांनी खोलीचे दार उघडले की जो वास येतो, त्यावरून जाऊबाई कोणती आढी आज काढावयाची ते सांगतात. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

हापूस हे फळ जितके मानी तितकेच लहरी. एका वर्षी झाड भरभरून येते, दुसऱ्या वर्षी हात आखडते. वरून निर्दोष दिसणारे फळ कापावे, तो आत साका निघतो. गर पांढरट आणि आंबट. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली काढली गेली. तिच्यात साका होत नाही आणि फळही दरवर्षी येते. आमच्याकडे तिची चार झाडे आहेत. परंतु बाजार हापूसचे नाव विचारतो. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे परप्रांतीचा आंबा ‘हापूस’ म्हणून खपवणाऱ्यांना थोडा आळा बसावा अशी अपेक्षा आहे. तथापि चांगला भाव मिळतो तो फाल्गुन-चैत्रातील पहिल्या पेट्यांना. मे उजाडला, की वाशीच्या बाजारात आवक वाढून भाव उतरू लागतो, आणि महिनाअखेरचा आंबा किलोच्या हिशेबाने रसाच्या कारखान्याकडे जातो. म्हणजे आमच्यासारखी पाहुणेमंडळी ज्या दिवसांत पोटभर आंबे खातात, ते दिवस बागाईतदाराच्या दृष्टीने उतरणीचे असतात. झाडावर उरलेल्या फळांवर फळमाशीचा डोळा, वानरांचा डोळा आणि आभाळाचा डोळा. मोठ्या बागांतून नेपाळी राखणदार ठेवतात. आमची बाग एवढी मोठी नाही, तेव्हा पुतण्याच दुपारी डोंगरावर डबा वाजवीत बसतो.

नऊ वाजता पुरुषमंडळी पेज जेवून पुन्हा कामाला लागतात आणि घरातील दुसरा कारखाना सुरू होतो. अंगणात ऊन तापले, की ताटांना तुपाचा हात लावून त्यांवर आटवलेला रस पसरतात. एक थर वाळला की दुसरा. असे तीन-चार थर झाले म्हणजे आंब्याचे साठ होते. बरक्या फणसाची पोळी अशीच. काप्या फणसाचे गरे तळावयाचे. आठळ्या धुवून, लाल माती चोळून, श्रावण-भाद्रपदातील भाजीसाठी कोपऱ्यात रचून ठेवावयाच्या. पोह्यांचे पापड, मिरगुंडे, सांडगी मिरची ही यादी तर संपत नाही.

या सर्वांत नाजूक काम रातांब्याचे. रातांबा झाडावर पिकून लालभडक झाला की तो काढून फोडतात. बी आणि गर वेगळा करून त्याला मीठ लावतात, त्याचा रस सुटतो, हाच आगळ. सालपटे उन्हात वाळवावयाची, पुन्हा आगळात बुडवावयाची, पुन्हा वाळवावयाची. असे चार-पाच वेळा केल्यावर साल काळपट, मऊ आणि झणझणीत आंबट होते. तेच आपल्या आमटीतील आमसूल. बियांचे तेल काढतात. ते घट्ट मेणासारखे होते आणि टाचांच्या भेगांवर त्यासारखे औषध नाही. शहरात आपण पाकिटातील आमसुले घेतो, त्या प्रत्येक साली मागे पाच दिवसांचे ऊन असते, हे मला इतकी वर्षे संसार करूनही तेथेच प्रथम उमगले. आणि गंमत अशी, की रातांबा पिकण्याचा काळ आणि पहिल्या पावसाचा काळ जवळजवळ एकच. झाडावर फळ लाल होऊ लागले की आभाळ काळे होऊ लागते. जी साल वाळली ती घरात आली, जी वाळली नाही ती गेली.

दुपारी तीननंतर आगराचे शिंपण. येथे एक गोष्ट सांगावयास हवी. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या चौपटीहून अधिक. तरी वैशाखात विहिरींचा तळ दिसतो. जांभा दगड सच्छिद्र. वर पडलेले पाणी त्यातून झिरपते, ओढ्याला लागते आणि समुद्राला मिळते. आमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. त्याचा कणा अजून गोठ्यामागे पडलेला आहे. आता विजेचा पंप आहे, परंतु तो पाऊण तास चालला की विहीर दम घेते आणि पुन्हा चार तास थांबावे लागते. त्या पाऊण तासाच्या पाण्यावर एकशेदहा पोफळीची रोपे जगवावयाची असतात.

ही रोपे म्हणजे भाऊजींचा जीव की प्राण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली व मंडणगड तालुक्यांतील बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या आगरातील पोफळींपैकी अठ्ठावीस उभ्या राहिल्या. नारळ सात गेले. घराची कौले पालापाचोळ्यासारखी उडाली. सासूबाई त्या दिवशी देवघरात बसून होत्या; त्या म्हणतात की वाऱ्याचा आवाज आगगाडीसारखा होता. पोफळ लावल्यावर फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात. भाऊजींनी त्याच पावसाळ्यात रोपे लावली. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट होते. ‘तुम्ही कोणासाठी लावता?’ असे कोणी विचारले की ते म्हणत, ‘ज्यांनी आधीच्या लावल्या, त्यांना मी कुठे विचारले होते?’

आता भाताकडे वळू. भातशेतीची सुरुवात पावसाने होते अशी शहरातील समजूत. खरी सुरुवात अग्नीने होते. हिवाळ्यात ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून ठेवतात. त्यास कवळ म्हणतात. खाचराच्या एका कोपऱ्यावर वाळलेले शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत व पातेरा, आणि वर मातीचा हलका थर असा पसारा घालून वैशाखात तो भाजतात. आग वाऱ्याच्या उलट दिशेने लावतात, म्हणजे ती भडकत नाही. संथपणे धुमसत जाते. त्यामुळे जमिनीतील तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. हीच भाजावळ किंवा राब. एक एकर लावणीला सुमारे चार गुंठे राब लागतो. कृषी विद्यापीठाचे लोक आता राबाऐवजी गादीवाफे करावयास सांगतात, कारण कवळ तोडून डोंगर उघडे पडतात. पुतण्या अर्धे वाफे तसेच करतो, भाऊजी अर्धा राब भाजतात, आणि बापलेकांत या विषयावर बोलणे होत नाही. बी मात्र दोघेही तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकून पाहतात. जे तरंगेल ते कोंबड्यांना, जे बुडेल ते पेरावयाला.

याखेरीज गडग्याचे ढासळलेले दगड रचणे, वई बांधणे, कौले चाळणे, पश्चिमेच्या पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून नारळाची झापे विणून बांधणे, सरपण आणि शेणी भरून घेणे, पेंढ्याची उडवी शाकारणे. ही कामे कोणी मोजीत नाही. पण त्यांतील एखादे राहून गेले, तर आषाढात त्याची आठवण रोज होते.

अशा धांदलीत १८ मे, रविवार, या दिवशी आमच्या ओटीवर घरातील सभा भरली. एकोणीसपैकी बारा जण प्रत्यक्ष हजर होते, तिघे दूरध्वनीवर. विषय दोन. पहिला असा, की डोंगराच्या अडीच एकराला एक गिऱ्हाईक आले होते. तेथून समुद्र दिसतो. बंगल्यांसाठी भूखंड पाडावयाचे होते. देऊ केलेली रक्कम मोठी होती. एकोणीस वाटे केले तरी एखाद्या मुलाच्या शिक्षणाचे दोन-तीन वर्षांचे खर्च निघावेत इतकी. दुसरा विषय असा, की भात लावावयाचे की नाही. बडोद्याच्या चुलत दिरांनी हिशेबच लिहून आणला होता. मजुरी, नांगरट, खत, आणि उलट बाजूला निघणारे भात. बाजारातून तितकाच तांदूळ आणला तर निम्म्या खर्चात भागते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. हिशेबात खोट नव्हती. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते.

तेव्हा जाऊबाई माजघराच्या उंबऱ्यातून बोलल्या. त्या एरवी सभेत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “भात तोट्यात आहे, हे मला ठाऊक आहे. दरवर्षी वही मीच लिहिते. पण भाऊजी, तुम्ही एकट्या भाताचा हिशेब केलात. भात नाही तर पेंढा नाही. पेंढा नाही तर दोन गाई आणि म्हैस ठेवता येणार नाही. गुरे नाहीत तर शेण नाही. मग पोफळींना, कलमांना खत विकत आणा. आढी कशात घालाल? तेही विकत. आणि खाचर एक वर्ष ओसाड टाकले की बांध फुटतो. आपला बांध फुटला की खालच्या दोन घरांच्या खाचरांत वाळू जाते. गवत माजले की रानडुकरे घर करतात, ती मग आगरात येतात. हे सर्व वहीत कोठे लिहायचे ते मला सांगा, मी लिहीन.”

कोणी काही बोलले नाही. बडोद्याचे दीर समंजस माणूस आहेत. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “वहिनी, हे खरे. पण हे सर्व करणार कोण? दादा अडुसष्ट वर्षांचे आहेत.” त्याला मात्र जाऊबाईंजवळ उत्तर नव्हते. सूनबाई आत पापड लाटीत होती. तिचे लाटणे क्षणभर थांबलेले मी पाहिले. तिची मोठी मुलगी पुढील वर्षी दहावीत जाणार, आणि चांगले महाविद्यालय दापोलीत की ठाण्यात, हा प्रश्न त्या घरात दोघांनीच रात्री बोलावयाचा प्रश्न आहे. सभा निर्णयाविना उठली. सह्या पुऱ्या होण्याजोग्या नव्हत्याच. दोन वारसांच्या नोंदी अद्याप व्हावयाच्या होत्या.

यानंतर जे झाले ते कोणाच्या बोलावण्याने झाले नाही. २० मेच्या सुमारास आभाळ भरून आले. भाऊजींनी पंचांग पाहिले. मृग लागावयास अठरा-एकोणीस दिवस होते, रोहिणीही लागली नव्हती. वरच्या खाचराचे म्हातारेबाबा बांधावरून ओरडले, “भाऊ, पाऊस काय पंचांग वाचून येतो?” रात्री जो पाऊस सुरू झाला तो वळवासारखा गरजून थांबणारा नव्हता. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते. २४ मे रोजी ते रत्नागिरीच्या बाजूने किनाऱ्यावर आले. २५ तारखेस नैऋत्य मोसमी पाऊस देवगडापर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले आणि २६ तारखेस तो मुंबईत दाखल झाला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची त्यापूर्वीची नोंद नव्हती. वैशाख अजून संपला नव्हता.

त्या पाच-सहा दिवसांत घरातील पाहुणे आणि घरचे हा भेद राहिला नाही. पहिल्या रात्री दोन वाजता सर्वांना उठवून अंगणातील आमसुलांची ताटे आत घेतली. ओटी, माजघर, झोपाळा, पलंग, जेथे जागा होती तेथे लाल सालपटे पसरली. उडवी अर्धीच शाकारलेली होती. तिच्यावर ताडपत्री ओढण्यासाठी चुलत दीर, माझे यजमान आणि पुतण्या भर पावसात शिडीवर चढले. मुलांनी सरपण पडवीत रचले. सासूबाई देवघराच्या दारात बसून आमसुलांवर पंख्याने वारा घालीत होत्या. त्यांच्याने दुसरे काही होण्याजोगे नव्हते, आणि बसून राहणे त्यांना ठाऊक नाही. झाडावर उरलेला आंबा दोन दिवसांत उतरवला. ओले फळ टिकणार नाही हे माहीत असूनही, कारण झाडावर तर ते नक्कीच गेले असते.

काय वाचले आणि काय गेले, हे जाऊबाईंच्या वहीत आहे. शेवटच्या आंब्यापैकी निम्म्याहून अधिक काळा पडला. झाडावरचा रातांबा गेला. घरात आणलेल्या सालींपैकी दोन तृतीयांश चुलीच्या उबेवर वाळवून वाचवल्या, परंतु त्यांना धुराचा वास लागला आणि त्या विकता आल्या नाहीत, घरातच राहिल्या. पेंढा वाचला. पोफळीच्या रोपांना मात्र हे पाणी अमृतासारखे झाले. पंधरा दिवसांचे शिंपण वाचले. पाऊस एकाला मारतो तेव्हा दुसऱ्याला जगवतो, आणि लहान शेतात चार प्रकारची पिके का ठेवतात याचे उत्तर तेथे मला मिळाले. एकच पीक असते, तर त्या आठवड्यात सर्वच गेले असते किंवा सर्वच तरले असते. लहान माणसाला असा जुगार परवडत नाही.

राबाची राख काही वाहून गेली. आता पेरावे की थांबावे? जमीन ओली होती. पण इतक्या लवकर आलेला पाऊस मध्येच दडी मारील, ही भीती. येथे बापलेक प्रथमच एकत्र बोलले. ठरले ते असे, की अर्धे बी राबात आता पेरावयाचे आणि अर्धे गादीवाफ्यांवर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि खरोखरच पुढे जूनच्या पूर्वार्धात मोसमी पावसाची चाल अडली. राबातील रोपे विहिरीच्या पाण्यावर जगवावी लागली. विहिरीत पाणी होते, ते त्याच अवेळी पावसाचे.

भात लावण्याचा ठराव असा कधी झालाच नाही. पेरणी झाली, एवढेच. डोंगराचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. गिऱ्हाईक थांबले नाही; पण दुसरे येईल. सूनबाईच्या मुलीचे शिक्षण येईल, भाऊजींचे वय वाढेल, आणि तो प्रश्न पुन्हा ओटीवर येऊन बसेल. त्याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. ज्यांना पैशाची निकड आहे त्यांना दोष देणे मला बरे वाटत नाही. आणि जी माणसे ती जमीन रोज पायांखाली घालतात, त्यांना विचारल्याशिवाय तिचा निकाल लागावा हेही बरे नाही.

मात्र ज्या वाचक-भगिनींची आणि बंधूंची मूळ घरे अद्याप कोकणात उभी आहेत, त्यांना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वारसांच्या नोंदी वेळेवर करून घ्याव्यात. नोंद नसलेले नाव म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यातील लोढणे. उत्पन्नाचा वाटा मागण्यापूर्वी, ते घर चालवणाऱ्यांच्या श्रमाचा आणि खर्चाचा वाटा बाजूस काढावा. एकोणीस जणांनी मिळून कौले चाळण्याचा आणि गडगा रचण्याचा खर्च उचलला, तर तो कोणासही जड जात नाही. आम्ही सर्वांनी २०२५ पासून तसे ठरवले आहे. आणि मे महिन्यात गावी जाणे झाले, तर पाहुण्यासारखे ओटीवर बसू नये. झेला हाती धरता आला नाही तरी आमसुले उलटता येतात, झापे ओढता येतात, सरपण रचता येते. त्या घरच्या सूनबाईला दुपारी तासभर पाठ टेकता आली, तर शहरातून नेलेल्या मिठाईच्या खोक्यापेक्षा ती भेट तिला अधिक आवडेल.

दसऱ्यानंतर जाऊबाईंचा निरोप आला. भात कापून झोडले होते; नेहमीपेक्षा थोडे कमी. पेंढ्याची उडवी मात्र यंदा वेळेवर शाकारली. निरोपाबरोबर एका ओळखीच्या माणसाच्या हाती नवे तांदूळ आणि धुराच्या वासाची आमसुले आली. त्या आमसुलांचे सार आम्ही घरी करतो. मुले पहिल्या घोटाला नाक मुरडतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.